संयमाची उलटतपासणी

आषाढ शुद्ध नवमीला सकाळच्या प्रहरी आमच्या वडगावातून फिरावयास निघावे, तर यंत्रमागांचा खटखटाट नेहमीचाच असतो; परंतु त्या दिवशी कित्येक घरांतून कांद्याच्या भज्यांचा वास रस्त्यापर्यंत येत असतो. ती कांदेनवमी होय. दोन दिवसांनी देवशयनी एकादशी येणार, चातुर्मास बसणार, आणि मग व्रतस्थ घरांत कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण बंद. वांग्याची तर, ज्यांच्या घरी खंडोबाचा कुलाचार आहे त्यांना, चंपाषष्ठीपर्यंत वाट पाहावी लागते. तेव्हा चार महिन्यांच्या त्यागाची पूर्वतयारी म्हणून एका दिवसात भजी, थालीपिठे, झुणका आणि वर वांग्याचे भरीत, इतके सर्व पोटात जाते. त्यागाचा आरंभ अशा रीतीने भोगाच्या परमावधीने होतो. ज्या घरी मासळी चालते तेथे हेच दृश्य थोड्या दिवसांनी, आषाढी अमावास्येस, दिसते. देवापुढे दिव्यांची पूजा मांडलेली असते, आणि येणारा श्रावण शिवराक जावयाचा म्हणून स्वयंपाकघरात त्याचे उट्टे आगाऊच काढले जात असते.

आम्ही धंद्याने वकील. साक्षीदार कितीही सोज्वळ दिसला तरी त्याची उलटतपासणी केल्यावाचून त्याचे म्हणणे मान्य करावयाचे नाही, ही आमची जन्माची खोड. संयम हा असाच एक अतिशय सोज्वळ साक्षीदार आहे. कीर्तनात, पाठ्यपुस्तकात आणि वडीलमाणसांच्या तोंडी त्याची साक्ष आजवर कोणी न अडवता ऐकून घेतली गेली. आज त्याला क्षणभर पिंजऱ्यात उभे करावे, असे आमच्या मनात आहे.

पहिला प्रश्न एकादशीचा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या पूर्वजांनीच केली, यावरून हा विनोद नवा नाही हे उघड आहे. एकादशीस धान्य वर्ज्य, हा मूळ नियम. त्या नियमाची शब्दशः व्याख्या जितक्या चातुर्याने आपल्या स्वयंपाकघरांनी केली, तितकी कोणत्याही उच्च न्यायालयाने कोणत्याही कायद्याची केली नसेल. साबुदाणा हा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तमिळनाडूतील सेलम भागात त्याचे कारखाने निघाले ते १९४० नंतरच्या दशकात. बटाटा, रताळे, भुईमूग आणि मिरची हीही सर्व अमेरिकेतलीच, आणि पोर्तुगीज वगैरे दर्यावर्दी लोकांच्या जहाजांतून इकडे आलेली. व्रताचे नियम सांगणाऱ्या ऋषींना ही नावे ठाऊक नव्हती. त्यामुळे त्यांनी ती निषिद्ध केली नाहीत. आणि जे निषिद्ध नाही ते विहित, असा युक्तिवाद करून साबुदाण्याची खिचडी बटाट्याच्या भाजीसह पानात येऊन बसली. वरीचे तांदूळ तर प्रत्यक्ष तृणधान्य. पण त्यांनाही प्रवेश मिळाला. तो कोणत्या कलमाखाली, हे आम्ही आमच्या कुटुंबास एकदा विचारले. “कोर्टातले प्रश्न कोर्टात,” असे उत्तर मिळाले, आणि ते अपिलास पात्र नव्हते.

या सर्वास ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तरुणपणी आम्ही तसे म्हणतही असू. पुढे पुढे मात्र आम्हास वाटू लागले, की ही पळवाट ज्यांनी ठेवली त्यांना माणसाची पारख आमच्याहून अधिक असावी. त्याचे कारण शेवटी सांगू.

आता संयमाच्या घरातील अंतर्गत व्यवस्था पाहू. माणूस जेव्हा स्वतःशी दावा मांडतो तेव्हा वादी तोच, प्रतिवादी तोच, न्यायाधीशही तोच. अडचण एवढीच, की या कोर्टात वकील एकच असतो आणि त्याने इच्छेचे वकीलपत्र कायमचे घेतलेले असते. एका चातुर्मासात आम्ही चहा सोडण्याचा संकल्प केला. पहिल्या आठवड्यात आमच्याच मनातील त्या विद्वान वकिलाने निदर्शनास आणले, की संकल्प चहापुरता आहे, कॉफीचा त्यात उल्लेख नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने असे सिद्ध केले, की पक्षकाराच्या घरी गेले असता चहा नाकारणे हा त्याचा अपमान होय आणि कोणाचाही अपमान न करणे हे चहा न पिण्याहून मोठे व्रत आहे. तिसऱ्या आठवड्यात आम्ही दिवसातून दोन वेळा घरी कॉफी आणि चार वेळा बाहेर चहा घेत होतो. प्रत्येक टप्प्यावर निर्णय सकारण होता आणि एकाही टप्प्यावर आम्ही संकल्प मोडल्याचे आम्हास जाणवले नाही. उतावळेपणा नेहमी धावत येतो असे नाही. पुष्कळदा तो कारणमीमांसेचा कोट घालून सावकाश येतो.

सरकारी कायद्याने तर या विषयात याहून मोठी गंमत करून ठेवली आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत खुनाच्या कलमाला एक अपवाद होता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे ज्याचा स्वतःवरील ताबा सुटला आणि त्या भरात ज्याच्या हातून मृत्यू घडला, त्याचा अपराध खुनाहून खालच्या पायरीचा समजावा, असा तो अपवाद. म्हणजे या एका ठिकाणी संयमाचा अभाव हा आरोपीचा बचाव आहे आणि संयम हा त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे!

मुंबईच्या नानावटी खटल्यात ही गोष्ट साऱ्या देशाने पाहिली. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांना आपल्या पत्नीचे प्रेम आहुजा याच्याशी संबंध असल्याचे तिच्याच तोंडून कळले. त्यानंतर त्यांनी पत्नी व मुलांना चित्रपटगृहात पोहोचविले, स्वतः नौकेवर गेले, काही निमित्त सांगून पिस्तूल व सहा काडतुसे घेतली, आहुजाच्या कचेरीत चौकशी केली, आणि मग त्याच्या घरी गेले. तेथे आहुजा मारला गेला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने ते न मानता त्यांना दोषी धरले. आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. कारण काय? तर घर सोडल्यापासून गोळ्या सुटेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. मुलांची व्यवस्था करणारा, पुढचे बेत आखणारा माणूस ताबा सुटलेला म्हणता येत नाही. त्या तीन तासांत त्यांनी प्रत्येक काम शिस्तीने केले, आणि तीच शिस्त त्यांच्या अंगावर आली.

हा निकाल आम्ही विद्यार्थिदशेत वाचला तेव्हा त्यातील कायद्याचा मुद्दा तेवढा ध्यानात घेतला होता. आता वाटते, की त्यात नीतीचाही एक मुद्दा दडलेला आहे. संयम हा गुण असला तरी तो दुसऱ्याचा चाकर आहे. तो कोणाच्या पगारावर आहे, हे विचारल्याखेरीज त्याला वंदन करू नये. क्रोधाच्या पगारावर असलेला संयम हा क्रोधाहून भयंकर असतो. क्रोध निदान दमतो तरी.

मग खरा संयम असतो तरी कोठे? येथे एक परदेशी प्रयोग सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून लहान मुलांपुढे गोड खाऊ ठेवून पाहिला. आता हवा तर एक मिळेल, थांबलास तर दोन मिळतील, असा करार. जी मुले खाऊकडे टक लावून मनाशी झगडत बसली ती लवकर हरली. ज्यांनी डोळे झाकले, पाठ फिरवली, गाणे म्हटले, ती टिकली. अशा टिकणाऱ्या मुलांचे पुढे कल्याण होते, असा बोलबाला पुष्कळ वर्षे झाला. परंतु २०१८ साली अधिक मुलांची माहिती घेऊन पुन्हा पाहता, घरची परिस्थिती हिशेबात धरली की तो संबंध बराच सैल पडतो, असे आढळले. ज्या घरात सांगितलेला खाऊ खरोखर मिळतो, त्या घरातले मूल थांबते, यात नवल ते काय? आपल्याकडे गणपतीच्या आरतीला हा प्रयोग दर वर्षी फुकट होतो. एकवीस मोदक समोर आहेत, आरत्या संपता संपत नाहीत, आणि घरातले पोर पाटाच्या कडेला उभे आहे. त्याच्या हाती टाळ देणारी आजी मानसशास्त्र शिकलेली नसते. पण हात आणि तोंड गुंतले म्हणजे मोदक वाचतात, हे तिला ठाऊक असते.

तात्पर्य, मोहाशी कुस्ती करणारा बहुधा चीत होतो. मोहाच्या वाटेस न जाणारा निभावून नेतो. लोकव्यवहाराने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. भिशी लावणाऱ्या बायकांना पैसे घरात ठेवता येत नाहीत असे नाही. ते घरात राहत नाहीत हे त्यांना कळते. मातीच्या गल्ल्याला पैसे आत टाकावयास फट असते, बाहेर काढावयास तोंड नसते. फोडावाच लागतो, आणि फोडण्याचा आवाज घरभर होतो. अलीकडे भ्रमणध्वनीवर बोट टेकताच पैसे जातात आणि आवाजही होत नाही. म्हणून तर नको असलेल्या वस्तूंची खोकी दाराशी येऊन पडतात.

कायद्यानेही जेथे शहाणपण दाखविले तेथे ते मधल्या वेळाच्या रूपाने दाखविले. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद आली तेव्हा पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे असे घातले गेले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने योग्य प्रसंगी ते माफ करता येतील असे ठरविले, तरी थांबण्यामागील हेतू मान्यच केला. आमच्या कचेरीत वर्षातून एकदा तरी कोणी वयोवृद्ध गृहस्थ थरथरत येतात आणि मुलाला घरातून बाद करून सारी इस्टेट देवळाला आजच्या आज बक्षीसपत्राने द्यावयाची म्हणतात. आम्ही त्यांना पाणी देतो आणि बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र सुचवितो. कारण पुरे झालेले बक्षीसपत्र देणाऱ्याच्या केवळ मर्जीने मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र शुद्धीवर असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. म्हातारा समाधानाने घरी जातो आणि बहुधा दिवाळीच्या सुमारास ते बदलावयास परत येतो. लोक कोर्टाच्या तारखांना नावे ठेवतात. पण रागाला पुढची तारीख देण्यासारखे दुसरे पुण्य नाही.

इतके झाल्यावर वाचक म्हणतील, की मग घाईचा प्रत्येक निर्णय वाईटच. तसेही नाही. लग्नाच्या बोहल्यावर उभा असलेला जांब गावचा बारा वर्षांचा नारायण ‘सावधान’ हा शब्द ऐकताच पळाला, आणि पुढे तो समर्थ रामदास झाला, अशी परंपरेने आलेली कथा आहे. यापरता उतावळा निर्णय कोणता? सावधगिरीचा इशाराच ऐकून एका क्षणात केलेला! आमच्या उपनिषदांतही ज्या दिवशी विरक्ती वाटेल त्याच दिवशी घर सोडावे, असे सांगितले आहे. तेथे सहा महिन्यांची मुदत नाही. परंतु तो क्षण आकस्मिक असला तरी त्याची तयारी आकस्मिक नसते. लहानपणापासून चिंतनात रमणाऱ्या मुलाला त्या शब्दाने केवळ दार दाखविले. क्षणात पडणाऱ्या फळामागे ऋतू असतात.

उलट, नियमाला चिकटून राहणे हा सदैव गुणच असेही नाही. युधिष्ठिराएवढा संयमी पुरुष महाभारतात दुसरा नाही. पण द्यूताचे आव्हान आले असता नाकारावयाचे नाही, हे त्याचे व्रत होते. त्या व्रतापायी त्याने राज्य, भाऊ, स्वतः आणि द्रौपदी, सारे पणाला लावले. धृतराष्ट्राने सर्व परत दिले, आणि पुन्हा बोलावणे आले तेव्हा तो पुन्हा गेला. जुगारी मोहाने खेळतो. हा धर्म म्हणून खेळला. परिणाम तोच झाला.

हे सर्व आम्हास पुराणात वाचून पटले नसते. ते पटले आमच्याच गल्लीत. आमच्या वकिलीची ती पहिली वर्षे. दोघा भावांची वाटणी आम्ही लिहून दिली. चार माग होते, ते दोन-दोन झाले. घर झाले, भांडी झाली. घरचे देव परंपरेप्रमाणे थोरल्याकडे राहिले. वाद पेटला तो पाचव्या, मोडक्या मागावरून. त्यावर वर्षानुवर्षे एक वावही कापड निघाले नव्हते. बोलता बोलता धाकटा उठला आणि म्हणाला, “आजपासून तुझ्या घरचं पाणी पिणार नाही.” वाक्य तोंडातून निघावयास क्षणही लागला नसेल. ते त्याने एकोणीस वर्षे पाळले.

पुतणीच्या लग्नात तो अक्षता टाकून मांडवातूनच परतला. आई वारली तेव्हा तेरा दिवस तो थोरल्याच्या घरी सुतकात बसला. पण रोज आपल्या घरून पाण्याचा तांब्या घेऊन येई. भर उन्हाळा होता. तांब्या रिकामा झाला की उठून रस्ता ओलांडून जाई, पुन्हा भरून आणी. लोक पाहत होते, कोणी काही बोलत नव्हते. वाटणीपत्राचा मसुदा आमचा असल्याने आम्हास तर मान वर करवेना. आणि गंमत अशी, की हाच मनुष्य निपाणीची तंबाखू सोडण्याची शपथ दर गुढीपाडव्याला घेई आणि ती आठ दिवस टिकत नसे. एकाच माणसाचे एकच मन. देहाच्या हितासाठी त्याला आठ दिवसांचा संयम जमला नाही, आणि एका मोडक्या मागासाठी एकोणीस वर्षांचा जमला. पहिल्या संयमाला पगार देणारे कोणी नव्हते. दुसऱ्याला अहंकार दरमहा बिनचूक पगार देत होता.

ही गाठ सोडविली ती आम्ही नव्हे, कोणा पंचांनीही नव्हे. त्यांच्या वडील बहिणीने, त्या दोघांच्या आक्काने. आषाढात मंगाईदेवीच्या यात्रेला ती माहेरी आली होती. थोरल्याच्या घरी पूजा झाली. धाकटा बहिणीला भेटावयास आला आणि नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी बसला. आक्का देवघरातून पळी-पंचपात्र घेऊन बाहेर आली व म्हणाली, “हात पुढं कर. तीर्थ आहे.” तो घुटमळला. ती म्हणाली, “अरे, हे का अण्णाच्या घरचं पाणी? हे देवाच्या अंगावरून आलंय. तू पाण्याची शपथ घेतलीस, तीर्थाची नव्हे.”

वकील म्हणून आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, असा बिनतोड युक्तिवाद आम्ही कोणत्याही न्यायालयात ऐकलेला नाही. पाणी तेच होते. त्याच घरच्या नळाचे, त्याच घागरीतले. पण त्याला नाव निराळे होते, आणि त्या नावाच्या आडोशाने एका मानी माणसाला आपली शपथ न मोडता मोडता आली. त्याने ओंजळ पुढे केली. तीर्थ प्याला, उरलेला हात डोक्यावरून फिरविला, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. थोरला आतून आला व काही न बोलता त्याच्याजवळ बसला. मग वहिनीने विचारले, “चहा टाकू का?” तो म्हणाला, “टाका.”

त्या दिवसापासून आम्ही साबुदाण्याला हसणे सोडले. नियम करताना माणूस जितका शहाणा असतो, त्याहून तो पाळताना कधी दुबळा, कधी हट्टी असतो. दोन्ही वेळी त्याला एखादे लहान दार लागते. दुबळ्याला ते व्रतात राहू देते आणि हट्ट्याला व्रतातून बाहेर येऊ देते. ज्यांनी आपले आचार घडविले त्यांनी ती दारे बुजविली नाहीत, हे त्यांचे ढिसाळपण नसून त्यांची माया असावी. भगवंतानेही चंचल मनाविषयी अर्जुनाने तक्रार केली असता त्याला दटावले नाही. मन आवरणे कठीण आहे हे आधी मान्य केले आणि मगच अभ्यास व वैराग्य यांचा उपाय सांगितला.

तेव्हा वाचकहो, येत्या एकादशीस साबुदाणा अवश्य भिजवावा. मात्र आपण घेतलेली एखादी जुनी शपथ रागाच्या पगारावर नोकरी करीत आहे काय, याचीही त्या दिवशी एकवार चौकशी करावी. आणि तशी ती सापडल्यास तीर्थाची पळी घेऊन कोणी येईपर्यंत एकोणीस वर्षे थांबू नये. धाकट्याचे त्या एकोणीस वर्षांत काय गेले याचा हिशेब तो कोणालाच सांगत नाही. दोघे भाऊ आता रोज संध्याकाळी कट्ट्यावर एकत्र बसलेले दिसतात. पाचवा माग केव्हाच भंगारात गेला. तंबाखू मात्र अद्याप सुटलेली नाही.